पोरं ऐकत नाहीत म्हणतोस, पण ओव्हरटाईम कोणाला देतोस?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतोय कारण मूळ पत्र चार पानी होतं.

"आप्पा नमस्कार. मी 33 वर्षांचा, गाव फैजपूरजवळ. जळगावला एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या कारखान्यात 9 वर्षं मशीनवर होतो, पाडव्यापासून मला शिफ्ट सुपरवायझर केलं. हाताखाली 14 जण. तिघं माझ्यापेक्षा वयाने मोठे, त्यातल्या एकांनी तर मला लूम, म्हणजे चटई विणायचं मशीन, चालवायला शिकवलं. आता तेच मला सगळ्यांसमोर 'या साहेब' म्हणतात आणि सांगितलेलं काम मुद्दाम हळू करतात. दोन जुने दोस्त आहेत, भरवशाचे म्हणून मी ओव्हरटाईम पण आधी त्यांना देतो, तर तेच टपरीवर जाऊन बसतात. शेवटी मीच मशीनवर उभा राहतो, घरी यायला रात्री 11. गावाकडची केळीची बाग लहान भाऊ बघतो, त्याला फोनवर सगळं सांगावं लागतं, आता तो पण फोन उचलत नाही. बायको म्हणते घरी पण साहेबगिरी करता. माझा स्वभाव मऊ, आवाज बारीक. मोबाईलवर लीडरशिपच्या कोर्सची जाहिरात बघितली, दोन दिवसांचे 15 हजार. करू का? का माझ्यात ते मटेरियलच नाही?"

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला पण वाटलं की स्वभावाचा, आवाजाचा प्रश्न दिसतोय, पण दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर गाडी अडकली ती पुढे जाईना. "भरवशाचे म्हणून मी ओव्हरटाईम पण आधी त्यांना देतो." तू इतक्या सहज लिहून गेलायस की तुला स्वतःला कळलं पण नसेल, आणि बाकी चार पानात जे रडगाणं गायलंयस (राग मानू नको) त्यातलं निम्मं तरी इथूनच उगवलंय.

ओव्हरटाईम म्हणजे काय हे तुला मी सांगू? नऊ वर्षं तू पण त्याच्यावर डोळा ठेवूनच होतास ना. कायद्याने दुप्पट दर, म्हणजे महिन्यात चार-पाच ओव्हरटाईम लागले की पोराची फी निघते, गाडीचा हप्ता निघतो. तुझ्या 14 माणसांपैकी एक पण माणूस रात्री झोपताना "आपला सुपरवायझर कसा बोलतो, त्याची बॉडी लँग्वेज कशी आहे" असा विचार करत नाही, तो विचार करतो या महिन्यात मला किती लागले आणि त्याला किती लागले. बस. आणि हा हिशोब चोख असतो बरं का, बँकेचा चुकेल पण हा नाही.

मला कसं माहीत? कारण माझा स्वतःचा हिशोब निघाला होता. मी एका पाईपच्या कारखान्यात 24 वर्षं काढली, नाव कशाला घेऊ, त्यातली 17 सुपरवायझर म्हणून. पहिल्या वर्षी मी पण तुझ्यासारखंच केलं, माझ्या गावचा एकजण होता, एकाच डब्यात जेवायचो, कामाला पण चांगला, मग ओव्हरटाईम आला की पहिलं तोंड त्याचंच दिसायचं. मुद्दाम नाही रे, खरंच मुद्दाम नाही. सोपं पडायचं म्हणून. एक दिवस लाईट गेली, वायरमनने पॅनलचं दार उघडलं, मी बॅटरी धरून बाजूला उभा, आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने नावांची पहिली अक्षरं आणि त्यापुढे रेघा, पाच-पाचचे गठ्ठे पाडलेले. मी विचारलं हे काय, कोणी बोलेना. शेवटी एक म्हातारा हेल्पर होता अहिराणी बोलणारा, तो म्हणाला, "भो, तू आते साहेब व्हई गया, मोजानं काम आते आमले करनं पडस." सात महिन्यांचा हिशोब होता तो. माझ्या गाववाल्यापुढे 31 रेघा, त्या म्हाताऱ्यापुढे 2. मी त्या सात महिन्यांत त्यांना टीमवर्क, जबाबदारी, आपला कारखाना वगैरे भरपूर ऐकवलं होतं आणि ते मान हलवत ऐकत पण होते, आणि मागे दारावर रेघ ओढत होते. अजून आठवलं की कान गरम होतात.

आता तुझ्या त्या बारीक आवाजाबद्दल. माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथेच असायचो, तेव्हा तिकडे फड बागायत चांगली चालायची. तू केळीवाला, तुमच्याकडे विहिरी आणि ट्यूबवेल, तुला फड माहीत नसेल म्हणून सांगतो. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे पाडलेले, त्यांना फड म्हणायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर सगळ्यांचा ऊस, गहू तर सगळ्यांचा गहू, म्हणजे पाण्याची गरज सगळ्यांची सारखी, भांडणच नको. जमीन पण बहुतेकांची एकाच फडात नसायची, थोडी या फडात थोडी त्या फडात. मग पाणी कमी पडलं की एक फड कोरडा सोडायचा, तोटा झाला तर सगळ्यांचा थोडा थोडा. काय डोकं असेल बघ, तीन-चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट ही, कोणी एमबीए नव्हता.

आणि पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही! ज्याची जमीन त्याने बांधावर उभं राहून बघायचं, पाण्याची दारं मोडणार आणि बांधणार, म्हणजे पाणी सोडणार आणि अडवणार, तो पाटकरीच. आमचे मामा गावात वजनदार माणूस, सोसायटीच्या राजकारणात पुढे, मोठमोठ्याने बोलणारे, पण पाटकऱ्याकडे पाळीच्या आधी पाणी मागायला गेलेले मी त्यांना कधी बघितलं नाही. आणि तो पाटकरी, धोतर वर खोचलेला, खांद्यावर फावडं, दिवसभरात दहा शब्द बोलत नसेल. आवाज कसा होता मला आठवत पण नाही. सगळा गाव त्याचं ऐकायचा, कारण त्याचं पाणी टोकाच्या वाफ्यापर्यंत पोचायचं आणि ते पोचलेलं सगळ्यांना दिसायचं. म्हणून म्हणतो बारीक आवाजाची चिंता सोड, तुझं पाणी कुठपर्यंत पोचतं ते बघ.

तर पहिलं काम. एक वही कर. ओव्हरटाईम पाळीने लागणार, ज्याची पाळी त्याला आधी विचारायचं, तो नाही म्हणाला तर त्याच्या नावापुढे तसं लिहून पुढच्याला विचारायचं. वही तुझ्या खणात नाही, सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली. ज्या मशीनचं काम सगळ्यांना येत नाही तिथे अडचण येईल, येऊ दे, मग त्या मशीनवर अजून दोघांना शिकवायचं, नाहीतरी ते करायलाच पाहिजे, नाहीतर तो एक माणूस लग्नाला गेला की तुझी शिफ्ट बसली. आणि नुसतं गोड वाटून चालणार नाही, कडू पण वाटायला लागतं. तुमच्याकडे एक्स्ट्रूडरजवळ दाणा वितळतो तिथे 200 डिग्रीच्या वर तापमान, आणि मे महिन्यात जळगावात बाहेरच 45, तिथे रोज कोण उभं असतं? मी पैज लावतो सगळ्यात नवीन पोरगं नाहीतर ज्याला बोलता येत नाही तो, बहुतेक बाहेरच्या राज्यातला. त्या जागेची पण पाळी लाव. पहिली पाळी तुझ्या त्या दोन दोस्तांपैकी एकाची, आणि मधल्या सुट्टीत अर्धा तास तू स्वतः उभा राहा.

नियम तू एकट्याने बनवून भिंतीवर चिकटवू नको मात्र. 14 जणांना पंधरा मिनिटं बसव, चहा तुझ्याकडून, आणि विचार की बाबांनो पाळी कशी लावायची, नावाप्रमाणे का जुन्या माणसापासून. आमच्या साक्री तालुक्यातच बारीपाडा म्हणून आदिवासी पाडा आहे, उजाड झालेलं जंगल त्या लोकांनी परत उभं केलं, चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथे झाड तोडलं तर दंड हा नियम पाड्याने स्वतः एकत्र बसून ठरवला, म्हणून तो पाळला गेला. साहेबाने लावलेला नियम मोडण्यात मजा असते, आपण ठरवलेला मोडताना लाज वाटते. थोडी तरी.

दोन दोस्तांचं काय? त्यांना मीटिंगच्या आदल्या दिवशी सांग. त्याच टपरीवर, चहा पीत. उद्यापासून पाळी लागणार, तुम्हाला आधीसारखे मिळणार नाहीत, मी चुकलो होतो, आणि चहाला गेलात तर बाकीच्यांसारखीच तुमची पण नोंद होईल. ते चिडतील. खोटं सांगत नाही, माझा तो गाववाला दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही, त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका पण आली नाही. नंतर झालं सगळं नीट, पण दोन वर्षं मला डबा एकट्याने खावा लागला. या खुर्चीला ही किंमत आहे आणि ती कोणत्याच कोर्सात सांगत नाहीत. दोस्ती तुटलीच पाहिजे असं नाही, पण दोस्त म्हणून त्याला कारखान्याच्या बाहेर दे काय द्यायचं ते, पैसे उसने दे, रात्री दोन वाजता दवाखान्यात जा, कारखान्यातलं पाणी मात्र पाळीनेच.

आता ते तुझे उस्ताद, "या साहेब" वाले. इथे तू थांबून विचार कर की त्यांच्या जागी तू असतास तर. ज्याला बॉबीन कशी धरायची ते शिकवलं तो पोरगा एका पाडव्याला उठून साहेब झाला, आणि त्यांना कंपनीतून कोणी दोन शब्द पण बोललं नसणार, खात्रीने सांगतो, कारण वरचे लोक हे काम कधीच करत नाहीत. तू पण केलं नाहीस. पाडव्यापासून आतापर्यंत तू त्यांच्याकडे एकदा तरी गेलास का? पत्रात तर तसं दिसत नाही.

जा. घरी जा त्यांच्या, शिफ्टवर नको, शिफ्टवर बाकीचे तेरा जण कान लावून असतात. जाताना पेढे बिढे नको, रिकाम्या हाताने गेलेलं बरं, उगाच लाच दिल्यासारखं दिसतं. आणि सरळ बोल, "दादा, ही जागा तुम्हाला मिळाली असती तर कोणाला चुकीचं वाटलं नसतं, मला मिळाली, आता मला तुमच्याशिवाय जमणार नाही." गोल गोल फिरवू नको, आणि डोळ्यात पाणी बिणी आणू नको. मग त्यांना खरं काहीतरी दे, नुसता मान नाही, अधिकार. उदाहरणार्थ नवीन पोरगा मशीनवर एकटा सोडायचा का नाही हे ते ठरवतील. किंवा लूम कधी बंद करून दुरुस्तीला काढायचं हे त्यांच्या शब्दावर. एकदा दिलं की परत घ्यायचं नाही, मॅनेजर ओरडला तरी ओरडा तू खायचा. ते लगेच सुधारतील असं समजू नको, पहिला महिनाभर अजून टोमणे मारतील, तुझी परीक्षा घेतील की हा खरंच देतोय का नाटक करतोय. आणि कधीकधी माणूस शेवटपर्यंत वळत नाही हे पण आहेच, मग त्यांचं काम बाकीच्यांसारखं मोजायचं, वयाचा मान वेगळा ठेवायचा, भांडायचं नाही.

रात्री 11 चं. "शेवटी मीच मशीनवर उभा राहतो" हे तू तक्रार म्हणून लिहिलंय पण मला त्यात थोडी मजा पण दिसते रे तुझी, खरं सांग. नऊ वर्षांत हात बसलेला, धागा तुटला की तू दहा सेकंदात जोडणार, नवीन पोरगं तीन मिनिटं लावणार, ती तीन मिनिटं तुझ्याच्याने बघवत नाहीत. मशीनवर तुला येतं सगळं, सुपरवायझरीत काहीच येत नाही, मग माणूस जिथे येतं तिथे पळतो. मी पण पळायचो. मला एका जुन्या इंजिनिअरने सांगितलेला उपाय देतो, वेडेपणा वाटेल पण कर, पोराच्या मागे उभा राहिलास की दोन्ही हात पाठीमागे बांधून घे, अक्षरशः, आणि त्याने विचारलं तरच बोल, आणि बोलायचं ते पण "तुला काय वाटतं, कुठून सुटला असेल?" एवढंच. पहिले पंधरा दिवस स्क्रॅप वाढेल. मॅनेजरला आधीच सांगून ठेव की वाढेल. आधी सांगितलं तर ती योजना, नंतर सांगितलं तर बहाणा.

मॅनेजरवरून आठवलं, वरून येणारी शिवी तशीच्या तशी खाली ओतणारे सुपरवायझर मी खूप बघितले, त्यांना आम्ही नळ म्हणायचो. वरचं खाली येतं तसं खालचं पण वर गेलं पाहिजे. कूलर बंद पडलाय, हातमोजे फाटलेत, असलं एखादं छोटं काम वरून करून आण, एकच आण पण आण, आणि झाल्याशिवाय "करून देतो" म्हणू नको. बाकी चारचौघात झापू नये, कौतुक तोंडावर करावं वगैरे तुला त्या रीलवाल्यांनी सांगितलंच असेल, ते बरोबरच आहे, त्यावर मी जागा घालवत नाही.

तू फैजपूरकडचा म्हणून एक सांगावंसं वाटतं. 1936 च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन तुमच्याकडे झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू, हे सगळ्यांना माहीत. पण मला त्यातली बांबूची गोष्ट आवडते. नंदलाल बोस यांच्यासारखा मोठा चित्रकार सजावटीला आणला आणि सगळं नगर उभं केलं ते तिथेच मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून, बांबूतून, आणि धनाजी नाना चौधरींसारखी तुमच्या भागातली माणसं राबली. तू पत्रात लिहिलंयस की "मला चांगली टीम मिळाली असती तर". नाही मिळाली. हेच 14 बांबू आहेत, यातूनच उभं कर.

आता घर. हे लिहिताना मला जरा हसू आलं, कारण कारखान्यात तू कोणालाच काही सांगू शकत नाही आणि घरी सगळ्यांना सगळं सांगतोस. भाऊ बागेत आहे, केळीवर करपा रोग आला तर पहाटे उठून तो बघतो, वादळात घड पडले तर चिखलात तो उभा, आणि बाग कधी कापायची, कोणत्या व्यापाऱ्याला द्यायची, बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव बघून अजून चार दिवस थांबायचं का, हे तू जळगावातून कंपनीच्या गेटवर उभा राहून सांगणार. तो फोन उचलत नाही यात त्याचं काय चुकलं? मी पण नसता उचलला. फडात निदान पाणी देणारा बांधावर तरी होता, तू तर पाटावर पण नाहीस. या वेळेची कापणी त्याला ठरवू दे, पूर्ण. क्विंटलमागे शंभर-दोनशे कमी मिळाले तर मिळू दे आणि नंतर "मी सांगितलं होतं" हे तीन शब्द तोंडातून काढू नको, हे मशीनवर हात पाठीमागे बांधण्यापेक्षा अवघड आहे, बघशील. वडील मध्ये पडतील, त्यांना पण सांग की हा हंगाम त्याचा. आणि फोन कर, पण बाग सोडून दुसरं काहीतरी विचारायला.

सूनबाईच्या बाबतीत मी जास्त बोलणार नाही, तिने एका वाक्यात तुला जे सांगितलं ते मी एवढ्या मोठ्या उत्तरात सांगतोय. आठवड्यातून दोन दिवस शिफ्ट संपली की निघ, अर्ध्या तासात घरी पोच, आणि घरात काय चाललंय ते आधी ऐक. भाजीत मीठ कमी आहे हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालतं.

राहिला कोर्स. वाईटच असतो असं मी म्हणणार नाही, चार लोक भेटतात, स्टेजवर बोलायची भीती जाते, ते पण कामाचं आहे. पण तुझा प्रश्न स्टेजचा नाही. सहा महिने थांब, हे सगळं करून बघ, मग पण वाटलं तर कर, आणि कंपनी फी भरते का ते आधी विचार, बऱ्याच ठिकाणी भरतात पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. 15 हजारांत गावाकडच्या मोटारीचं रिवाइंडिंग होऊन वर पैसे उरतील, भावाला विचारून बघ त्याला कशाची गरज आहे. विचार, सांगू नको.

आणि मटेरियल बिटेरियल काही नसतं. तू चार पानी पत्र लिहून स्वतःची चूक नकळत का होईना लिहून पाठवलीस, माझ्या पॅनलचं दार तर वायरमनला उघडावं लागलं होतं.

सोमवारी जाताना वही घेऊन जा, शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. पेनाला दोरी बांध, नाहीतर पहिल्याच दिवशी जातो. आणि तुमच्याकडच्या पॅनलचं दार एकदा आतून बघून घे, काय सापडतं ते मला कळव.

— आप्पा